बाकी अपुरी

उदगीरच्या मोंढ्यात 'बाकी' म्हटले की खातेवहीतला आकडा डोळ्यांसमोर येतो. इस्तंबूलच्या सुलतानअहमत ट्रामथांब्यावर, फाटकाच्या चिमुकल्या पडद्यावर 'येतेरसिझ बाकिये' ही अक्षरे उमटली, तेव्हा त्यातला दुसरा शब्द एका उदगीरकराला कुणी न सांगताच कळला. कार्डातली बाकी अपुरी. पुढे आडवा दांडा, मागे रांग आणि खिशात भारी किमतीचा फोन, ज्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता.

हा उदगीरकर म्हणजे प्रस्तुत लेखकच. आपलीच फजिती सांगताना 'मी' म्हणण्यापेक्षा 'तो' म्हणणे सोपे जाते, एवढेच.

2024च्या ऑक्टोबरात तो बायकोसह हैदराबादेहून निघाला. आधी इस्तंबूल, तिथून बसने बल्गेरियातले प्लोवदिव आणि शेवटी सोफिया असा बेत होता. ओढ जुनी होती. 1948 पर्यंत उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते आणि निजामाच्या घरी सून आली होती ती इस्तंबूलची. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी दुर्रुशेहवार हिचे लग्न 1931 साली फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या थोरल्या मुलाशी झाले. त्याच घराण्यातली नीलोफर धाकट्याला दिली. तिच्या नावाचे लेकराबाळांचे रुग्णालय हैदराबादेत आजही आहे. खलिफासाठी खुलताबादेत मकबराही बांधला गेला, पण त्याचे दफन मदिनेत झाले आणि मकबरा रिकामाच राहिला. एवढे नाते सांगणाऱ्या माणसाला इस्तंबूल परके कसे वाटेल?

शहर परके वाटले नाहीच. यंत्रे मात्र वाटली.

फोनला तुर्की भाषेत 'जेप तेलेफोनू' म्हणतात. जेप म्हणजे आपली जेब, खिसा. आता सगळे शहर त्या जेबेत जाऊन बसले आहे. 1875 साली सुरू झालेली, जगातली दुसऱ्या क्रमांकाची जुनी भुयारी रेल्वे 'त्युनेल' आणि 2013 पासून बॉस्फरसच्या तळाखालून धावणारी 'मार्मराय' 'इस्तंबूलकार्ट' या एकाच प्रवासकार्डावर चालतात. आया सोफियात परदेशी पर्यटकाला जानेवारी 2024 पासून 25 युरोचे तिकीट आहे. आत माहिती सांगणारा माणूस नको असेल, तर क्यूआर कोड टिपायचा आणि कानात इअरफोन घालायचे. सोय उत्तम आहे. फक्त फोन चालू हवा, त्यात इंटरनेट हवे आणि कार्ड चालायला हवे.

त्याची चूक पहिल्याच तासात झाली होती. विमानतळावर त्याने तुर्की सिम घेतले. दुकानातल्या पोराने टाचणीसारख्या तारेने जुने सिम काढून हातात दिले. बोटाच्या नखाएवढा तो तुकडा त्याने तिकिटाच्या पावतीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला. रात्री हॉटेलात बसून तो प्लोवदिवच्या बसचे तिकीट काढू लागला. कार्डाचा नंबर घातला, तर पुढची पायरी ओटीपीची. ओटीपी जाणार उदगीरच्या नंबरावर आणि तो नंबर सदऱ्याच्या खिशात! तीनदा खटपट केली. परदेशातून हे काय चालले आहे, अशी शंका येऊन बँकेच्या यंत्रणेने कार्डच बंद केले. यंत्रणेचे काही चुकले नाही. चोराच्या बाबतीत तिने असेच वागावे, अशी आपलीच अपेक्षा असते.

"काय शोधायलाव?" बायकोने विचारले.

सदरा संध्याकाळीच धुऊन खिडकीत वाळत घातला होता. खिशात पावतीचा लगदा निघाला. सिम नव्हते.

जाणाऱ्याने पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवावी. घरचे सिम फोनमधून काढू नये. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करावे, डेटा रोमिंग बंद ठेवावे. ओटीपीचे येणारे एसएमएस बहुधा फुकट येतात. इंटरनेटसाठी वेगळे ई-सिम घ्यावे आणि तेही उदगीरमध्येच बसवून घ्यावे, कारण परदेशी ई-सिम विकणारी बरीच संकेतस्थळे तुर्कस्तानाने जुलै 2025 पासून आपल्या हद्दीत बंद केली आहेत. हॉटेलांचेही तेच. एका मोठ्या परदेशी बुकिंग संकेतस्थळावरून तुर्कस्तानात बसून तिथली खोली घेता येत नाही. न्यायालयाचा तसा आदेश 2017 पासून आहे. म्हणजे 'तिथे गेल्यावर बघू' हा आपला लाडका मंत्र तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमामुळे नवे कार्ड देशातल्या एटीएमपुरते आणि दुकानातल्या यंत्रापुरतेच चालू असते. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बायको त्यासाठी उदगीरच्या शाखेत पाऊण तास रांगेत उभी होती आणि 'हे फोनवर दोन मिनिटांत होतं' म्हणून तो तिला हसला होता. यूपीआयचा मोठा भरवसा होता ना! पण ते आपल्या पानटपरीवर चालते म्हणून तुर्कस्तानातही चालेल, असे थोडेच आहे.

ट्रामथांब्यावर शेवटी तिचेच कार्ड बाहेर निघाले. कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये चार आकडी पिन घातला, लिरा आल्या, पिवळ्या यंत्रात नोट सरकवली आणि बाकी भरली. पिनला ओटीपी लागत नाही. एकाच इस्तंबूलकार्टवर दोघेही आत गेले.

सरहद्दीवरचा प्रसंग त्याहून वाईट होऊ शकला असता. इस्तंबूलहून निघालेली बस मध्यरात्री कापिकुले नाक्यावर थांबली. सगळ्यांना खाली उतरवले. बाहेर कडाक्याची थंडी. बल्गेरियाच्या बाजूच्या खिडकीत हॉटेलचे बुकिंग आणि परतीचे तिकीट मागितले. त्याने फोन काढला, तर सिनेमा बघून बघून बॅटरी संपलेली. बायकोने पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून पुठ्ठ्याची फाइल आणि फाइलमधून उदगीरच्या झेरॉक्सवाल्याने काढलेले कागद काढले. अधिकाऱ्याने दोन पाने उलटली आणि शिक्का मारला. प्लोवदिव, सोफिया ही शहरे कितीही स्मार्ट झाली, तरी नाक्यावर रात्री दीड वाजता कागदच चालतो.

सोफियात मात्र त्याला मनापासून मजा आली. सेर्दिका मेट्रो स्थानक खणताना रोमन शहर सापडले. त्या भिंती, ते दगडी रस्ते तिथेच ठेवून वर छप्पर घातले आहे. त्यांच्या शेजारून आत जायचे आणि बँकेचे कार्ड फाटकाला टेकवायचे, की झाले. बायकोने कार्ड टेकवले, तो मागोमाग गेला आणि फाटक मिटले. इथे माणशी एक कार्ड लागते, हे कळेपर्यंत ती आत आणि तो बाहेर.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी बदलल्या आहेत. बल्गेरियात तेव्हा लेव्ह हे चलन होते. 1 जानेवारी 2026 पासून युरो आला. सर्बियात बेलग्रेडने 1 जानेवारी 2025 पासून शहरातली बस-ट्रामच फुकट केली, तिथे कार्डाची कटकटच मिटली. मे 2025 नंतर तुर्कस्तानाला जाणाऱ्या भारतीयांची संख्या घटली, पण बाल्कनची वाट धरणाऱ्यांनाही सिम आणि कार्डाचा हा हिशेब चुकणार नाही.

उदगीरला परतल्यावर त्याने आधी डुप्लिकेट सिम घेतले आणि तडक बँकेची शाखा गाठली. खिडकीतल्या मुलीने संगणकावर नाव शोधले, बंद कार्ड सापडले.

"काका, मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

डुप्लिकेट सिम घेतले की पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात.

"उद्या याच वेळी येतो," तो म्हणाला.