नवे शॉकअप घेण्याआधी

खानदेशातले रस्ते काळ्या मातीवर बसलेले. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर लाटांसारखे वर-खाली होते. अमळनेरकडून चोपड्याला जा की धुळ्याहून साक्रीच्या बाजूला, खड्ड्यांपेक्षा या लाटाच गाडीला जास्त झोडपतात. मागे दुधाचे कॅन नाहीतर खताची गोणी असली की विचारूच नका. शॉकअप बसले म्हणून लोक लगेच मागची नवी जोडी घेतात. माझे मत स्पष्ट आहे: ती जोडी सगळ्यात शेवटी.

आधी हवा. टायर थंड असताना चेनकव्हरवरच्या लेबलाप्रमाणे भरा. ओझे असेल तर डबलसीटचा आकडा धरा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचला आणि दोन्ही शॉकअप खालून धरून मागे-पुढे हलवा. खटखट लागली तर हँडलचा कोनसेट गेला. मागचे चाक आडवे हलवल्यावर ते धरणारा चिमटाच हलत असेल तर त्याचे बुश बदला. हे राहिले तर पुढचा खर्च वाया जातो.

आता तेल. पुढच्या शॉकअपचे तेल वर्षानुवर्षे कोणी बघतच नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. तेल आणि सील मिळून काही शे रुपयांचे काम आहे.

इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या, चाक आणि मडगार्ड काढा. शॉकअपचा पाईप हँडलखालच्या ‘टी’मध्ये आवळलेला असतानाच वरचे झाकण सैल करून घ्या, बाहेर काढल्यावर तो पाईप हाताने धरून झाकण सुटत नाही. शेवटचे आटे फिरवताना वरून तळहाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, कारण आतली स्प्रिंग उसळते. तेल ओतून टाका, पाईप आत-बाहेर हलवत राहा आणि अर्धा तास उलटा ठेवा. तळाचा काळपट गाळही निघाला पाहिजे.

पाईपवरून नख फिरवा. अडकले तर तिथे गंजाची खाच आहे. बारीक असेल तर तेल लावून 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. खोल असेल तर पाईपच बदला, नाहीतर नवे सीलही गळेल. खालचा ॲलन बोल्ट सोडून जुने सील काढा. नवे सील चढवताना पाईपच्या तोंडावर प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा गुंडाळून तेल लावा, म्हणजे सीलची कड कापली जात नाही. वर जुने सील ठेवून पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने सारखे ठोकत बसवा. खालच्या ॲलन बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घाला.

तेलाचा प्रकार आणि माप गाडीच्या पुस्तिकेतलेच. मेडिकलमधली मोठी सिरिंज घ्या आणि दोन्हीकडे अगदी सारखे भरा. ओझ्यासाठी जाड तेल घाला, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. एका लाटेवर दबलेला शॉकअप पुढची लाट यायच्या आत उघडावा लागतो. जाड तेलात तो सावकाश उघडतो, दर लाटेला थोडा आणखी दबत जातो आणि शेवटी कडक होऊन हाताला हादरे देतो.

जोडताना एक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून पुढून चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाईप सरळ रेषेत बसतात. निघण्याआधी ब्रेक तपासा.

आता मागची बाजू. गाडी मेन स्टँडवर आणि मागचे चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग नेहमीचे ओझे ठेवून स्वतः बसा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. साध्या गाडीला 25 ते 30 मिलिमीटर फरक ठीक. जास्त असेल तर शॉकअपची रिंग एकेक खाच वर न्या, दोन्ही बाजूंना सारखीच. रिंगने गाडी फक्त उचलली जाते. स्प्रिंग होती तितकीच ताकदीची राहते.

रिंग शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी टेकत असेल, किंवा मागच्या शॉकअपमधून तेल गळत असेल, तर मात्र जोडी घ्या. वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच हवी; उंच घेतले तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि चेनचा ताणही बदलतो. एकच बाजू कधीही बदलू नका.

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळून बघा आणि पुढच्या पाईपवर तेलाचे कडे दिसते का तेही पाहा.