ताण सारखा ठेवा, कापड आपोआप सुधारेल

पोरांनो, इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला आणि तेव्हापासून हे गाव मागाच्या आवाजावरच जगत आलं. त्यामुळे मागाबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. जॉबर मागाचं सांगेल, दिवाणजी मीटरचा हिशेब सांगेल, मालक सुताच्या भावाचं सांगेल. वाइंडिंगचं मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही. कोन मशीनवर आलेल्या नव्या पोराला आणि कांडी भरायला बसलेल्या बाईला एकच गोष्ट शिकवतात : धागा तुटला की जोडायचा. तो का तुटला, हे विचारायला कुणी शिकवत नाही.

मी तेच सांगणार आहे. माझ्या आधीच्या मास्तरांनी मला सांगितलं, मी ते मशीनवर पारखून घेतलं आणि आता तुमच्या हाती देतो.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. वाइंडिंगवर धागा तुटला तर एक ड्रम थांबतो, बाकीचे चालू राहतात. तोच धागा वार्पिंगवर तुटला तर पाचसहाशे धागे एकदम थांबतात. मागावर तुटला तर माग थांबतो, उत्पादन जातं आणि कापडावर खूण राहते ती वेगळीच. म्हणून सुताचा कच्चा भाग वाइंडिंगवरच तुटू दे; तो तिथे तुटणं आपल्या फायद्याचं आहे. पण चांगलं सूत वाइंडिंगवर खराब होता कामा नये. या दोन गोष्टींच्या मधली रेषा म्हणजे ताण.

सूत ओळखल्याशिवाय वजन लावू नका

मशीनवर कालचं सूत कोणतं होतं आणि आज कोणतं आलं, हे बघितल्याशिवाय ताणाच्या वजनाच्या वॉशरला हात लावायचा नाही. कापसाच्या सुताला वाइंडिंगचा ताण त्याच्या तुटण्याच्या बळाच्या दहाव्या भागाइतका ठेवायचा, थोडं इकडेतिकडे. साधारण दर्जाचं ४० नंबरचं सूत सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅमला तुटतं. त्याला २२ ते २५ ग्रॅम ताण पुरे. २० नंबरचं जाड सूत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास तग धरतं. त्याला ४५ ग्रॅम चालतो. ६० नंबरचं बारीक सूत आलं तर पंधरासोळा ग्रॅमच्या वर जाऊ नका. पॉलिस्टर फिलामेंटचा हिशेब डेनियरवर करायचा : डेनियरला एक दशांश ग्रॅम. म्हणजे ८० डेनियरला ८ ग्रॅम.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. गिरणीतून आलेल्या सुताचं बळ लॉटप्रमाणे बदलतं, म्हणून नवा लॉट लागला की बळ विचारून घ्या किंवा तपासून घ्या.

जास्त ताणाने धागा तुटला नाही, म्हणजे तो वाचला असं समजू नका. ४० नंबरच्या कापसाच्या सुतात तुटेपर्यंत पाचसहा टक्केच लांबायची ताकद असते. मागावर दम उघडताना, फणी आदळताना धाग्याला हीच लांबी लागते. वाइंडिंगवर जादा ओढलेलं सूत विजारीच्या सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं होतं : दिसायला जसंच्या तसं, पण आतली ओढ गेलेली. असा धागा कोनवर गुमान बसतो आणि आठवड्याने मागावर तुटतो. तेव्हा दोष मागाला लागतो, सायझिंगला लागतो. वाइंडिंगकडे कुणी बघत नाही.

ताण किती, त्याआधी ताण सारखा आहे का ते बघा

माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावेल, ते हेच. सगळ्या ड्रमांवर दोन ग्रॅम ताण जास्त असेल तर एक वेळ चालेल. पण एका ड्रमवर २० आणि शेजारच्यावर ३० असेल, तर त्या दोन कोनांचे धागे एकाच बीमवर शेजारी शेजारी येतात. एक सैल राहतो, दुसरा कडक. सैल धागा लोंबतो आणि दम नीट उघडत नाही. कडक धागा तुटतो. फिलामेंटमध्ये तर कापड रंगवल्यावर ओढलेला धागा वेगळा चमकतो आणि पट्टा उठून दिसतो. त्या पट्ट्याला कुठलाही व्यापारी पहिला भाव देत नाही.

चकती बेरीज करते, खुंटी गुणाकार करते

हा मंत्र नीट ऐका, कारण रोज मशीन चालवणाऱ्या कितीतरी लोकांनाही तो ठाऊक नसतो.

दोन चकत्यांच्या मधून धागा गेला की चकत्या त्याच्या ताणात ठरावीक भर घालतात. खुंटीला वळसा घालून धागा गेला की आलेला ताण पटीने वाढतो. गुळगुळीत खुंटीला अर्धा वेढा पडला तर तो साधारण दुप्पट होतो. आता हिशेब करा. बॉबिनवरून येणारा धागा कधी ५ ग्रॅमने येतो, कधी १० ग्रॅमने. चकतीने १५ ग्रॅमची भर घातली तर पुढे २० आणि २५ मिळतात. फरक ५ चा ५ च राहिला. तोच धागा दोन खुंट्यांवरून अर्धा अर्धा वेढा घालून नेला तर २० आणि ४० मिळतात. फरक ५ चा २० झाला.

म्हणून ताण कमी पडतोय असं वाटलं की धागा आणखी एका खुंटीवरून फिरवायची सवय सोडा. भर घालायची असेल तर चकतीवर वजन वाढवा. दुसरी गोष्ट, चकतीनंतर ड्रमपर्यंत धाग्याची वाट शक्य तितकी सरळ ठेवा. चकतीनंतरचं प्रत्येक वळण, चकतीने दिलेल्या ताणासकट सगळा ताण पटीने वाढवतं.

चकती फरक वाढवत नाही, तसा मिटवतही नाही. तो मिटवायचा असेल तर जिथून तो येतो तिथे जावं लागतं. ते ठिकाण म्हणजे बॉबिन.

बॉबिन संपत आली की डोळे उघडे ठेवा

बॉबिन भरलेली असताना धागा वरच्या टोकाजवळून सुटतो आणि हलका येतो. ती रिकामी होत जाते तसा धागा खालून उचलला जातो, उघड्या लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर घासतो, सुटताना गरगर फिरणाऱ्या धाग्याचा फुगा लांब होतो आणि ताण चढतो. शेवटच्या तिसऱ्या भागात तो सगळ्यात जास्त असतो. एखाद्या ड्रमवर धागा नेहमी बॉबिनच्या शेवटी तुटत असेल, तर सुताला नावं ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. बॉबिन खुंट्यावर सरळ उभी आहे का? वरचं गाइड बरोबर तिच्या टोकाच्या रेषेत आहे का? फुगा मोडणारी कडी जागेवर आहे, की कुणीतरी काढून ठेवली? बोटभर वाकडी बॉबिन प्रत्येक फेऱ्यात एकदा धागा खेचते आणि एकदा सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ताण मोजणाऱ्या मीटरचा काटा नाचतो.

नव्या ऑटोकोनरवर ताण मोजणारा सेन्सर असतो. बॉबिन संपत आली की मशीन स्वतःच दाब कमी करतं किंवा वेग उतरवतं. जुन्या मशीनवर हे काम तुमचं आहे.

वेग वाढवताना वर्ग आठवा

फुग्यामुळे येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ६०० मीटरवरून ८०० वर गेलात तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण फुग्याचा ताण सुमारे पावणेदोनपट होतो. उत्पादनाची घाई असेल आणि वेग वाढवायचाच असेल, तर वाढवा. पण त्याच वेळी चकतीवरचं वजन उतरवा आणि पुन्हा मोजा. वजन तेच ठेवून वेग वाढवणं म्हणजे आजचं उत्पादन दाखवून उद्याचा माग थांबवणं.

धाग्याची वाट रोज पुसा

उडता कापूस दोन चकत्यांच्या मध्ये साचला की वरची चकती उचलली जाते आणि धागा मोकळा पळतो. वजन तेवढंच दिसतं, ताण मात्र नसतो. पाळी सुरू होताना ब्रश फिरवा, फक्त हवा मारू नका; हवेने उडालेला कापूस शेजारच्या ड्रमवर जाऊन बसतो. चकती बोटाने फिरवून बघा, ती सहज फिरली पाहिजे. अडकलेल्या चकतीत धागा एकाच जागी घासून खाच पाडतो. गाइडवर नख फिरवा. नख अडकलं तर ते गाइड त्याच दिवशी बदला. पॉलिस्टर चालवणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं, कारण तो धागा चिनी मातीलाही खाच पाडतो आणि मग प्रत्येक मीटर सूत त्या खाचेत सोललं जातं.

कांडी अंगठ्याने तपासा

साध्या मागावर धोट्याला मार बसतो तेव्हा तो एका झटक्यात वेग घेतो आणि समोरच्या पेटीत एका झटक्यात थांबतो. आतली कांडी सैल भरलेली असेल तर तिचे वेढे घसरतात, गुंता होतो आणि कापडात जाळी येते. भरलेल्या कांडीवर अंगठा दाबा : तो रुतला तर ताण कमी आहे. कांडी लाकडासारखी लागली तर ताण जास्त आहे, आणि असा बाणा कापडाची किनार आत ओढतो. कांडी भरणाऱ्या ताई-मावशींना हे अंगठ्याचं ज्ञान असतंच. त्यांनी सांगितलं की चौथी चाती सैल भरते, तर ती सैलच असते. मीटर नंतर तेच सांगतो. त्यांचं ऐका. मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा वाइंडिंगचं खातं बायकांनीच सांभाळलं होतं.

आता रेपियर आणि एअरजेटवर बाणा थेट कोनवरून जातो. कांडी गेली म्हणून जबाबदारी गेली, असं नाही. उलट कोन भरताना जी चूक राहते ती आता सरळ कापडात उतरते.

रंगाईचा कोन वेगळा भरा

रंगवायच्या सुताचा कोन मऊ लागतो : घनसेंटिमीटरला ०.३५ ते ०.४० ग्रॅम. वार्पिंगचा कोन ०.४५ च्या आसपास किंवा थोडा वर चालतो. कोनवरच्या सुताचं वजन घ्या, मापं घेऊन घनफळ काढा आणि भागा. एवढाच हिशेब आहे. रंगाचं पाणी नेहमी सैल वाट शोधतं. एकाच भांड्यात कडक आणि मऊ कोन मिसळले तर मऊ कोन रंग पितात आणि कडक कोन फिके राहतात. सोलापूरची चादर असो की टॉवेल, जिथे रंगीत सुताने नक्षी विणतात, तिथे ही फिकी छटा लपत नाही.

कोनची घट्टता फक्त ताणाने येत नाही, ड्रमवरच्या दाबानेही येते. कोन मऊ हवा असेल तर दोन्ही उतरवा.

क्रीलवर मागचं हलकं, पुढचं भारी

वार्पिंगच्या क्रीलवर मागच्या रांगेतल्या धाग्याची वाट लांब असते, त्यामुळे तो आधीच जास्त ताण घेऊन येतो. सगळ्यांना एकच वॉशर लावलात तर बीमवर ताण असमान होतो. मागच्या रांगांना हलकं वजन, पुढच्यांना भारी वजन लावा. आणि अर्धे संपलेले कोन पूर्ण कोनांबरोबर लावू नका. त्यांचे फुगे वेगळे, ताणही वेगळा.

हवेकडे दुर्लक्ष नको

मार्च ते मे आपल्याकडे हवा कोरडी होते. कापसाचं सूत ओलाव्यात मजबूत होतं आणि कोरड्यात ठिसूळ. वाइंडिंगच्या खात्यात ६० ते ६५ टक्के आर्द्रता ठेवता आली तर उत्तम. व्हिस्कोसचं उलट आहे, ते ओलं झालं की कमजोर पडतं. पॉलिस्टर कोरड्या हवेत वीज धरतं आणि तंतू फुलतात. म्हणजे पावसाळ्यातला ताण उन्हाळ्यात तसाच चालेल, असं धरून चालू नका.

मीटर नेहमी एकाच जागी लावा

ताण मोजायचा तो चकती आणि ड्रम यांच्यामध्ये, दर वेळी त्याच ठिकाणी. बॉबिन भरलेली, अर्धी आणि संपत आलेली, असे तीन आकडे घ्या. ते ड्रमच्या नंबरासमोर वहीत लिहा. सगळ्यांची सरासरी काढा; जो ड्रम दहा टक्क्यांपलीकडे जातो तो त्या दिवशी दुरुस्त झाला पाहिजे. मीटर महाग वाटत असेल तर दोनचार कारखानदारांनी मिळून एक घ्या, पण घ्या. हाताचा अंदाज मोलाचा असतो. मीटरशी ताडून बघितला की तोच हात पक्का होतो.

पोरांनो, मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला मीटरमागे मिळणारी मजुरी किती, हे तुम्ही जाणता. त्या मजुरीत माग थांबणं परवडत नाही आणि कापड सेकंडमध्ये जाणं तर अजिबात परवडत नाही. सुताचा भाव तुमच्या हातात नाही, विजेचा दर तुमच्या हातात नाही, बाजार तर नाहीच. धाग्याचा ताण मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि त्याला ब्रश, वही आणि लक्ष यांपलीकडे फारसा खर्च येत नाही. उद्या पाळीवर गेलात की मशीन सुरू करण्याआधी पहिल्या ड्रमपासून शेवटच्या ड्रमपर्यंत एक फेरी मारा, प्रत्येक चकती बोटाने फिरवून बघा, आणि मगच बटण दाबा.