गणिताच्या रीतीचे पेटंट मिळेल का?

४७ ही संख्या संगणकाला दोन तऱ्हांनी देता येते. ४ आणि ७ हे अंक वेगवेगळे घेऊन प्रत्येकाला चार स्थाने दिली, तर ०१०० ०१११ असे होते. सबंध ४७ द्विमान पद्धतीत मांडले, तर १०११११. (३२ + ८ + ४ + २ + १ किती होतात ते करून पाहा.) पहिल्या रूपावरून दुसरे काढण्याची एक रीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या बेन्सन व टॅबट यांनी शोधली आणि १९६३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

पेटंट मिळाले की तो शोध ठरावीक वर्षे (भारतात २०) मालकाच्या परवानगीशिवाय कुणाला वापरता येत नाही. १९७२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ही रीत संगणकाशिवायही करता येते. पेटंट दिले तर गणिताच्या रीतीवरच एकाची मालकी बसेल. पायथागोरसच्या सिद्धांताला कुणी असे कुंपण घातले असते, तर तुमच्या भूमितीच्या वहीचे काय झाले असते?

मग संगणक आला की पेटंट नाहीच का? तसेही नाही. रबराची वस्तू साच्यात तापवून पक्की करतात. लवकर काढली तर ती कच्ची राहते, उशिरा काढली तर बिघडते. योग्य वेळ अऱ्हेनियसच्या समीकरणाने काढता येते, पण साच्यातले तापमान एकसारखे बदलत असते, म्हणून वेळ अंदाजानेच धरावी लागे. डीर आणि लटन यांनी हे तापमान सतत मोजून संगणकाला पुरवले. संगणक पुनःपुन्हा हिशेब करतो आणि नेमक्या क्षणी दाबयंत्र उघडायला लावतो. १९८१ मध्ये त्याच न्यायालयाने ही प्रक्रिया पेटंटला पात्र ठरवली. समीकरण सर्वांना मोकळेच राहिले. निकाल मात्र ५ विरुद्ध ४ असा लागला. रेघ कुठे ओढावी यावर न्यायाधीशांचेही एकमत नव्हते!

भारतात २००२ च्या दुरुस्तीनुसार ‘नुसत्या’ संगणक आज्ञावलीला पेटंट नाही. सारे वाद या ‘नुसत्या’ शब्दाभोवती फिरतात.

कॉपीराइटचे तसे नाही. १९८४ च्या दुरुस्तीने आपल्याकडे आज्ञावली साहित्यकृतींत गणली गेली, अगदी कथा-कादंबरीच्या पंगतीला! म्हणजे मित्राने संख्या चढत्या क्रमाने लावणारी आज्ञावली लिहिली, तर तिच्या ओळी त्याला न विचारता उतरवता येणार नाहीत. पण त्यामागची रीत समजून घेऊन तुम्ही स्वतःच्या ओळी लिहिल्यात, तर कॉपीराइट आड येत नाही.