विमानतळाची एकच खोली : जमिनीवरचे कामकाज एका नियंत्रण कक्षातून कसे चालते?

विद्यार्थी मित्रांनो, विमानतळ म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? धावपट्टी आणि तिच्याकडे बघत उभा असलेला उंच मनोरा. त्या मनोऱ्यात बसलेली माणसे विमानांना 'उतर', 'थांब', 'उड' असे सांगतात, हे बहुतेकांना माहीत असते. पण विमान उतरून थांबले की पुढे काय? शिडी कोण लावतो, बॅगा कोण उतरवतो, इंधनाची गाडी कधी येते, आणि या सगळ्यांना वेळ कोण देतो? आजच्या पाठात आपण हेच पाहू.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू, कारण परीक्षेत मुले नेमकी इथेच चुकतात. मनोऱ्यातले एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, वेगळे आणि विमानतळाचा नियंत्रण कक्ष वेगळा. आपल्या देशात एटीसीचे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, तरी तिथले एटीसी प्राधिकरणाचेच. विमानतळाचा नियंत्रण कक्ष, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एओसीसी म्हणतात, तो वैमानिकाला उड्डाणाची परवानगी देत नाही. तो बघतो जमिनीवरचे काम : कोणते विमान कोणत्या बे वर उभे राहणार, कोणत्या पट्ट्यावर बॅगा येणार, कुठल्या दारात रांग तुंबली, कुठला एरोब्रिज बंद पडला.

विमान थांबते तेव्हा काय काय होते?

एक साधे देशांतर्गत विमान घ्या, एअरबस ए ३२० सारखे, सुमारे १८० प्रवाशांचे. ते येऊन उभे राहिल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेला 'टर्नअराउंड' म्हणतात. कमी भाड्याच्या कंपन्या हे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतात.

त्या अर्ध्या तासात काय काय होते बघा. चाकांना चॉक लावायचे. बाहेरून वीज जोडायची. शिडी किंवा एरोब्रिज लावायचा. प्रवासी उतरवायचे, पोटातल्या बॅगा काढायच्या, आतली साफसफाई, खाण्याच्या ट्रॉल्या बदलायच्या, शौचालयाची टाकी रिकामी करायची, पाणी भरायचे, इंधन भरायचे, नवीन बॅगा चढवायच्या, नवीन प्रवासी घ्यायचे, वजनाचा कागद म्हणजे लोडशीट वैमानिकाला द्यायचा, आणि शेवटी टग लावून विमान मागे ढकलायचे, म्हणजे पुशबॅक.

यातली गंमत अशी की ही कामे एकाच मालकाची नाहीत. विमान एका कंपनीचे. बॅगा हाताळणारी ग्राउंड हँडलिंग कंपनी दुसरी. इंधन तेल कंपनीचे. खाणे केटररचे. बे आणि एरोब्रिज विमानतळाचे. प्रवाशांची तपासणी सीआयएसएफकडे, पासपोर्ट बघणारे इमिग्रेशनचे अधिकारी केंद्र सरकारचे. लग्नघरात गुरुजी, आचारी, बँडवाले आणि फोटोग्राफर आपापल्या घड्याळाप्रमाणे चालले तर मुहूर्ताचे काय होईल? इथेही तसेच. फरक एवढाच की इथे दर दीड-दोन मिनिटाला एक मुहूर्त असतो.

हे मी वाढवून सांगत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. अशा विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १००७ विमानांची ये-जा झाली. दिवसाची मिनिटे १४४०. भागाकार करून बघा : सरासरी ८६ सेकंदांना एक विमान!

जुनी पद्धत : ज्याची खोली त्याची माहिती

पूर्वी प्रत्येकाची खोली वेगळी होती, कित्येक ठिकाणी अजूनही आहे. विमानकंपनीचे ऑफिस एका इमारतीत, टर्मिनलचा मॅनेजर दुसरीकडे, बॅगांचा कक्ष तळघरात, सुरक्षेचा कक्ष आणखी कुठे. माहिती फोनने आणि वॉकीटॉकीने फिरायची. विमान पाऊण तास उशिरा येणार हे कंपनीला ठाऊक असायचे, पण बे वाटप करणाऱ्याला ते दहा मिनिटे आधी कळायचे. तोवर त्याने तीच बे राखून ठेवलेली, आणि वेळेवर आलेले दुसरे विमान टॅक्सीवेवर इंजिन चालू ठेवून उभे. यात कोणीच कामचुकार नाही. प्रत्येकजण आपल्या खोलीपुरता बरोबर आहे. तरी एकूण काम बिघडलेलेच.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण लंडनच्या हीथ्रोचे आहे. १८ डिसेंबर २०१०, नाताळच्या आधीचा शनिवार. तासाभरात सुमारे सात सेंटीमीटर बर्फ पडला. कॅनडा-नॉर्वेवाले हसतील एवढाच. पण हीथ्रो जवळजवळ बंद पडले. त्या रात्री साडेनऊ हजारांच्या आसपास प्रवासी टर्मिनलमध्येच झोपले आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे चार हजार उड्डाणे रद्द झाली. इथे नीट लक्ष द्या : धावपट्टीवरचा बर्फ हटवणे हा मोठा प्रश्न नव्हता. खरी अडचण होती ती उभ्या विमानांच्या चाकांभोवती, बे वर साठून गोठलेल्या बर्फाची. तिथे मोठे यंत्र जात नाही. शिवाय बे विमानतळाची, त्यावरचे विमान कंपनीचे, आजूबाजूच्या गाड्या हँडलिंगवाल्यांच्या. तो बर्फ आधी कुठला आणि कोणी काढायचा हे ठरेना. प्रवाशांना मिळणारी माहितीही एकमेकींशी जुळत नव्हती.

प्राध्यापक डेव्हिड बेग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि मार्च २०११ मध्ये अहवाल आला. त्यात तयारीइतकाच भर होता तो आदेश कोणी द्यायचा आणि माहिती कशी पोहोचवायची यावर. पुढे २०१४ मध्ये हीथ्रोने 'एपॉक' हा एकत्रित नियंत्रण कक्ष सुरू केला. विमानतळ, विमानकंपन्या, हवाई वाहतूक नियंत्रण अशा वेगवेगळ्या संस्थांची माणसे तिथे एका छताखाली बसतात.

खोलीत नेमके काय बदलते?

वर्तमानपत्रात अशा कक्षाचा फोटो आला की त्यात भिंतभर स्क्रीन दिसतात. मुलांनो, स्क्रीनवर जाऊ नका. स्क्रीन विकत मिळतात. बदलते ती वेळेची व्याख्या.

युरोपात या पद्धतीला एसीडीएम म्हणतात. मराठीत 'विमानतळावरचा सामुदायिक निर्णय' असे म्हणू. युरोपात ती पूर्णपणे सुरू करणारा पहिला विमानतळ म्युनिक, वर्ष २००७. कल्पना अगदी सोपी आहे. आधी काय व्हायचे? विमान तयार झाले की वैमानिक सांगणार 'आम्ही तयार', पुशबॅक घेणार, आणि धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत जाऊन उभा राहणार. एसटीच्या तिकीट खिडकीसारखे, जो आधी पोहोचला त्याचा नंबर आधी. म्हणून जो तो लवकर निघायची घाई करणार.

एसीडीएममध्ये दोन वेळा असतात. पहिली वेळ कंपनी किंवा तिचा हँडलर देतो : 'आमचे विमान ७ वाजून १० मिनिटांनी दारे बंद करून निघायला तयार असेल.' दुसरी वेळ प्रणाली देते. धावपट्टीवर किती विमाने बसतात याचा हिशेब करून ती सांगते, 'ठीक, तुम्ही ७ वाजून २२ मिनिटांनी इंजिन सुरू करा.' मधली बारा मिनिटे विमान बे वरच थांबते, इंजिन बंद ठेवून. नंबर जात नाही, कारण नंबर आता रांगेत उभे राहण्यावर नाही, दिलेल्या वेळेवर ठरतो.

याचा फायदा आकड्यांत काढू. समजा दहा विमाने एकाच वेळी तयार झाली आणि धावपट्टी दर दोन मिनिटांनी एकाला सोडते. पहिले लगेच गेले, दुसरे दोन मिनिटे थांबले, तिसरे चार, असे करत दहावे अठरा मिनिटे. सगळ्यांचे थांबणे मिळवा : ९० मिनिटे. ए ३२० सारखे विमान जमिनीवर इंजिन चालू ठेवून मिनिटाला साधारण १० ते १२ किलो इंधन जाळते. ११ धरले तर ९९० किलो, म्हणजे जवळपास एक टन इंधन, फक्त रांगेत उभे राहण्यात! हीच ९० मिनिटे बे वर इंजिन बंद ठेवून काढली तर त्यातले बहुतेक इंधन वाचते.

आता कोणी हुशार मुलगा विचारेल, 'सर, मग बे अडकून राहणार, येणाऱ्या विमानाने कुठे जायचे?' प्रश्न अगदी बरोबर आहे. मुंबईसारख्या ठिकाणी जागाच कमी, तिथे बे मोकळी करणे कधीकधी इंधनापेक्षा महत्त्वाचे ठरते. म्हणूनच बे वाटणारा आणि निघण्याच्या वेळा बघणारा एकमेकांना दिसले पाहिजेत. एकाचा फायदा दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो आहे का, हे वेगवेगळ्या खोल्यांत बसून कळत नाही.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. कंपनीचा माणूस खरी वेळ का सांगेल? केटरिंगची गाडी आलेली नाही हे त्याला दिसते आहे, तरी 'तयारच आहोत' म्हणून नंबर धरून ठेवायचा मोह होतोच. त्यावर उपाय असा की दिलेल्या वेळेच्या आगेमागे थोडीच मिनिटे सूट मिळते. ती चुकली की नंबर गेला, नवीन वेळ घ्या. उलट उशीर होणार हे आधीच सांगितले तर नवीन नंबर लगेच मिळतो. म्हणजे खरे बोलणे फायद्याचे करून ठेवले आहे. मला तरी या सगळ्या यंत्रणेतला सर्वात शहाणा भाग हाच वाटतो.

मुंबईची एक रात्र

१४ जानेवारी २०२४. उत्तरेत दाट धुके. गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान आधीच खूप उशिरा सुटले होते, ते दिल्लीला न उतरता रात्री मुंबईकडे वळवले गेले. शिडी लागताच कंटाळलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाशेजारी एप्रनवरच बसून जेवले. तो व्हिडिओ देशभर फिरला. लोक प्रवाशांना हसले, काही कंपनीवर चिडले. पण नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नोटिशीत एक मुद्दा होता जो आपल्या पाठाचा आहे : या विमानाला एरोब्रिजची बे न देता दूरची बे दिली गेली. एरोब्रिज असता तर प्रवासी थेट टर्मिनलमध्ये गेले असते, तिथे स्वच्छतागृह होते, खाणे होते. कंपनी आणि विमानतळ, दोघांनीही परिस्थिती ओळखून आधी सोय केली नाही असा ठपका आला. विमानकंपनीला १ कोटी २० लाख आणि विमानतळाला ६० लाख रुपये दंड झाला.

थकलेले दीडशे-पावणेदोनशे लोक येत आहेत, ही माहिती कुठेतरी होतीच. बे ठरवणाऱ्यासाठी ते मात्र फक्त एक विमान होते. दोन दिवसांत नागरी उड्डाण मंत्र्यांनी सहा महानगरांच्या विमानतळांवर 'वॉर रूम' उभारण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात, गर्दी आणि उशीर आवरण्यासाठी, मुंबईची गर्दीच्या वेळची ये-जा तासाला ४६ वरून ४४ वर आणायला सांगण्यात आले. हाही धडा लक्षात ठेवा : नियंत्रण कक्ष कितीही चांगला असला तरी तो धावपट्टी रुंद करत नाही. ओंजळीत मावेल तेवढेच पाणी घ्यावे लागते.

आणि खोलीचीच पंचाईत झाली तर?

सगळे एका जागी आणले की ती जागा नाजूक होते. वीज गेली, सर्व्हर बसला, तर सगळेच आंधळे. म्हणून असा कक्ष बांधताना दुसरी पर्यायी जागा, जनरेटर आणि कागदावरची पद्धतही तयार ठेवावी लागते.

पण विजेपेक्षा अवघड प्रश्न अधिकाराचा आहे. पुन्हा हीथ्रोच घ्या. २० मार्च २०२५ च्या रात्री जवळच्या वीज उपकेंद्राला आग लागली. २१ तारखेला विमानतळ बंद ठेवावा लागला, १,३०० हून जास्त उड्डाणांवर परिणाम झाला. नंतरच्या चौकशीत समोर आले की त्या रात्री मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना फोन गेले होते, पण त्यांचा फोन सायलेंटवर होता. बंद करण्याचा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत मुख्य परिचालन अधिकाऱ्यांनी घेतला. बातम्यांत सायलेंट फोनचीच चर्चा झाली. माझ्या मते बघण्यासारखी गोष्ट दुसरी आहे : साहेब उठले नाहीत तरी निर्णय अडला नाही, कारण तो घेण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाकडे होता. आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत रात्री एक वाजता असे होईल, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

स्वाध्याय

१) वरच्या दहा विमानांच्या उदाहरणात सातव्या विमानाने ऐनवेळी सांगितले की बॅगा चढायच्या राहिल्यात, दहा मिनिटे लागतील. (अ) त्याची जागा रिकामी सोडली आणि (आ) ती मागच्यांना दिली, तर आठव्या, नवव्या आणि दहाव्या विमानाचे थांबणे किती मिनिटांनी बदलेल?

२) तुमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकात जाऊन चालक-वाहक, वाहतूक नियंत्रक, डेपोची कार्यशाळा आणि घोषणा करणारी व्यक्ती यांना 'गाडीला उशीर आहे' हे कोणाकडून आणि किती वेळाने कळते, ते विचारून वहीत नोंदवा.