कठीण रोहिणी आणि आघात तरंग

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या निरोगी अवस्थेत लवचिक असतात. वय वाढू लागले, आणि त्यातच मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुनाट विकार असला, की त्यांच्या भिंतींत मेदाबरोबर कॅल्शियमचे क्षारही साचू लागतात. घरातील जुन्या नळातही क्षार साचतात. पण ते आतील पृष्ठभागावर असल्यामुळे खरवडून काढता येतात. रोहिणीतील कॅल्शियम मात्र बहुधा भिंतीतच रुजलेले असते आणि कधी कधी त्याचे हाडासारखे कठीण कडे बनते.

१९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याच्या साहाय्याने प्रथम रुंद केली. मांडीच्या रोहिणीतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयापर्यंत न्यावयाची आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवावयाचा, अशी ही रीत होय. पुढे त्या जागी स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवण्याची पद्धत रूढ झाली. परंतु कॅल्शियमचे कडे फुग्याला दाद देत नाही. दाब फार वाढवला, तर कठीण भाग तसाच राहून लगतची मऊ भिंत फाटण्याचा धोका असतो. न वाढवला, तर स्टेंट अर्धवट उघडतो आणि पुढे त्यात रक्ताची गुठळी होण्याची भीती राहते. तेव्हा कठीण तेवढे फोडील आणि मऊ भागास इजा करणार नाही, असे बल कोठून आणावयाचे?

याचे उत्तर मूतखड्याच्या उपचारात सापडले. १९८० साली म्यूनिक येथे शरीराबाहेर निर्माण केलेल्या आघात तरंगांनी रुग्णाचा मूतखडा प्रथमच फोडण्यात आला. आघात तरंग म्हणजे दाबाची तीव्र व क्षणिक लाट. मऊ ऊतींत पाण्याचा अंश मोठा असल्याने ती त्यांतून फारशी न अडता पार होते. कठीण पदार्थात मात्र ती ताण निर्माण करते व त्यास तडे जातात.

हेच तत्त्व पुढे कॅथेटरमध्ये योजण्यात आले. याच्या फुग्यात मिठाचे पाणी आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य यांचे मिश्रण भरतात. वातावरणाच्या केवळ चौपट दाबाने फुगा भिंतीला टेकवला जातो. आतील सूक्ष्म विद्युत्-अग्रांशी ठिणगी पडताच द्रवाची वाफ होऊन बुडबुडा फुगतो व कोसळतो आणि दाबाचे तरंग चोहीकडे पसरतात. त्यांचा दाब सुमारे ५० वातावरणांइतका असला, तरी तो क्षणाच्या अत्यल्प अंशापुरताच टिकतो. सेकंदाला एक याप्रमाणे १० स्पंद दिल्यावर दाब सहा वातावरणांपर्यंत नेतात आणि मग फुगा सैल करून रक्तप्रवाह पूर्ववत होऊ देतात. गरजेनुसार हा क्रम पुन्हा करतात.

मूतखड्याचे तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. येथे तसे होत नाही. तडकलेले कॅल्शियम बहुतांशी भिंतीतच राहते. कडे मात्र अखंड उरत नाही, म्हणून रोहिणी ताणली जाते आणि स्टेंट नीट उघडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली हृदयाच्या रोहिण्यांसाठी या उपकरणास मान्यता दिली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. स्पंदांमुळे हृदयाचे ठोके क्षणभर त्या तालावर पडू शकतात. शिवाय फुगा अडथळ्यापर्यंत पोचलाच पाहिजे. मार्ग फारच चिंचोळा असेल, तर हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेल्या फिरत्या टोकाने आधी वाट करून घ्यावी लागते. म्हणून अमुक रुग्णास कोणते साधन वापरावे, हे रोहिणीच्या आतून घेतलेल्या प्रतिमांत कॅल्शियमची जाडी व विस्तार पाहून ठरवणे हितावह ठरते.