पगोडा : बागेची शोभा की प्रदक्षिणेची जागा?

अलीकडे गावोगावच्या विहारांभोवती बागा होऊ लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. बाग आली की तीत एखादा लहानसा पगोडा असावा, अशी सूचना हमखास पुढे येते. सूचना चांगली आहे. परंतु पगोडा बागेत कशासाठी ठेवायचा, याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही पगोड्याची व पगोड्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही झाडांची थोडक्यात माहिती देत आहोत.

पगोड्याचे मूळ आपल्या स्तूपात आहे. स्तूपाच्या घुमटावर चौकोनी हर्मिका व तिच्यावर छत्र असते. सांचीच्या मोठ्या स्तूपावर अशी तीन छत्रे आहेत. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तूपावर तर लाकडी छत्र आजही पाहावयास मिळते. धम्म चीन-जपानकडे गेला तेव्हा या छत्रावलीला तिकडच्या मजल्यांच्या मनोऱ्याची जोड मिळाली आणि उंच पगोडा तयार झाला. जपानमधील नारा येथील होर्यूजी विहाराचा पाच मजली लाकडी पगोडा सुमारे तेराशे वर्षे उभा आहे. आकार बदलला, तरी अस्थिधातू जतन करण्याची व आदराने प्रदक्षिणा घालण्याची जागा, हा मूळ हेतू कायम राहिला.

पुढे हाच आकार युरोपातील बागांमध्ये गेला, तो मात्र निराळ्या हेतूने. लंडनच्या क्यू उद्यानात विल्यम चेंबर्स या वास्तुकाराने १७६२ साली दहा मजली पगोडा पूर्ण केला. उंची सुमारे ५० मीटर. चेंबर्स तरुणपणी व्यापारी जहाजावरून चीनला जाऊन आले होते. तरीही पगोड्याचे मजले परंपरेने विषम असतात, हा संकेत तेथे पाळला गेला नाही. छपरांच्या कोपऱ्यांवर ८० रंगीत ड्रॅगन बसवले होते. ते १७८४ मध्ये काढले गेले व २०१८ मध्ये नव्याने बसवण्यात आले. ही वास्तू देखणी आहे यात शंका नाही, पण ती राजघराण्याच्या बागेत दुरून पाहण्यासाठी उभारलेली शोभेची वस्तू होती.

त्याच लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बॅटरसी उद्यानात १९८५ साली दुसरा पगोडा उभा राहिला. तो जपानच्या निप्पोनझान म्योहोजी संघाच्या भिक्खू-भिक्खुणींनी व स्वयंसेवकांनी बांधला. राजगीरचा विश्वशांती स्तूप (१९६९) याच संघाचा. बॅटरसीच्या पगोड्यावर चार बाजूंना बुद्धांच्या सोनेरी मूर्ती आहेत आणि माणसे त्याच्याभोवती फिरू शकतात. शहर एक, दोन्ही ठिकाणी बागच, परंतु एक पगोडा पाहण्याचा आणि दुसरा जवळ जाऊन शांत होण्याचा. आपल्याला कोणता हवा, हे सूज्ञ वाचकांनी ठरवावे.

आता झाडांकडे वळू. इंग्रजीत 'पगोडा ट्री' म्हणून ओळखले जाणारे एक झाड मूळ चीनचे असून त्याला फिकट पांढरी फुले येतात. ते थंड हवेचे आहे, म्हणून आपण त्याच्या मागे लागू नये. हेच नाव इंग्रजांनी हिंदुस्थानात आपल्या पांढऱ्या चाफ्याला दिले, कारण तो त्यांना देवळांच्या व विहारांच्या आवारात दिसला. वास्तविक हा चाफा मूळ अमेरिका खंडातला. आपला सोनचाफा निराळा. गमतीची गोष्ट अशी की, आपण ज्याला होन म्हणतो त्या सोन्याच्या नाण्यालाही युरोपीय व्यापारी पगोडा म्हणत. कंपनीच्या काळात हिंदुस्थानात येऊन झटपट श्रीमंत होणे, याला इंग्रजीत 'पगोड्याचे झाड हलवणे' असा वाक्प्रचार होता. वंदनेच्या वास्तूचे नाव असे लुटीच्या भाषेतही गेले!

तिसरे 'पगोडा फ्लॉवर'. आग्नेय आशियातील हे झुडूप आपल्या भारंगीच्या नात्यातले. त्याचा नारिंगी-तांबडा तुरा खाली रुंद व वर निमुळता, थराथरांचा असतो. त्यावर फुलपाखरे येतात. त्याला ओल व थोडी सावली मानवते, मात्र मुळांपासून फुटवे फुटून ते पसरते. चौथा आपला देशी बदाम. त्याच्या आडव्या फांद्या मजल्यामजल्यांनी वाढतात, म्हणून वनस्पतिशास्त्रातही या ठेवणीला पगोड्याची उपमा देतात.

या माहितीवरून विहाराच्या बागेसाठी आम्हाला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) पगोडा कोपऱ्यात, कुंपणाला चिकटून ठेवू नये. उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती दोन माणसे शेजारी चालतील एवढी वाट चहूबाजूंनी मोकळी सोडावी. वृद्ध उपासिकांसाठी ती सपाट असावी.

२) जागा वा पैसा कमी असेल तर पगोडा लहान करावा, पण वाट अरुंद करू नये.

३) पांढरा चाफा वाटेच्या कडेला लावावा. फांदी कापून, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मग लावली की ती जगते. पाणी साचू देऊ नये.

४) पगोडा फ्लॉवर भिंतीच्या सावलीत लावून त्याचे फुटवे वेळोवेळी काढावेत.

५) देशी बदाम व बोधिवृक्ष बांधकामापासून बरेच दूर लावावेत. पिंपळाच्या मुळांनी चौथरे फुटतात, आणि मग वंदनीय वृक्षावरच कुऱ्हाड चालवण्याची वेळ येते.

६) रंगीत दिवे व कारंजे यांवर खर्च करण्याआधी बसण्यासाठी दोन बाके करावीत.

पगोड्याचे नाव झाडाला, फुलाला, नाण्यालाही मिळाले. नाव कोठेही जाते, अर्थ मात्र आपण जपला तरच टिकतो. आपल्या विहाराच्या आवारातील लहानसा पगोडा पाहून एखाद्या मुलाने "हे काय आहे?" असे विचारले, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे आणि त्याचा हात धरून एक फेरी घालता आली पाहिजे. एवढी सोय ज्या बागेत आहे, ती बाग योग्य रीतीने आखली गेली असे आम्ही समजतो.