पतीचा उतारा आणि त्याची वाचणी

जमिनीचा सातबारा उतारा वर्षांतून एकदां तरी नजरेखालून घालावा, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु बँकेचें कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाच्या नांवें दुसराहि एक उतारा लिहिला जात असतो, व तो मात्र बहुतेकांनीं कधीं पाहिलेला नसतो. ट्रॅक्टरसाठीं किंवा पाइपलाइनसाठीं केलेला अर्ज परत आला, म्हणजे त्याची प्रथम ओळख होते. आणि तोंवर हंगाम हातचा जाऊन सावकाराचें दार गांठण्याची पाळी येते. म्हणून या उताऱ्याची माहिती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २००५ च्या कायद्याखालीं ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हें दप्तर ठेवितात. कोणीं किती कर्ज घेतलें, हप्ता वेळेवर भरला कीं थकविला, हें बँका त्यांस कळवितात. या नोंदींवरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक अंक काढण्यांत येतो. त्यासच लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. अंक जितका मोठा तितकी पत चांगली. अमुक अंकाखालीं कर्ज देऊं नये, असा नियम रिझर्व्ह बँकेनें केलेला नाहीं. ती मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरविते. पीककर्जासाठीं सिबिलचा आग्रह धरूं नये, असें मे २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं बँकांस बजाविलें. तथापि इतर कर्जांच्या वेळीं हा अंक पाहिला जातोच.

अंक कशानें घटतो?

(१) थकबाकी. हें मुख्य कारण होय. अल्पमुदतीच्या पिकाचें कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकलें म्हणजे बँक तें अनुत्पादक ठरविते.

(२) जामीनकी. दुसऱ्याच्या कर्जास सही दिली कीं तें कर्ज जामीनदाराच्याहि उताऱ्यावर येतें. मूळ कर्जदार थकला तर डाग दोघांसहि लागतो. भाऊबंदाच्या शब्दाखातर सही करणाऱ्यानें भरणा झाल्याची पावती दर हंगामास पाहावी. त्यांत संकोच धरूं नये.

(३) तडजोड. कांहीं रक्कम सोडवून घेऊन कर्ज मिटविल्यास पूर्ण फेडीची नोंद न होतां तडजोडीची होते, व ती पुढील बँकेस खुपते.

(४) अर्जांची गर्दी. थोड्या दिवसांत अनेक ठिकाणीं कर्ज मागितल्यानें अंक उतरतो. स्वतःचा उतारा स्वतः पाहिल्यानें मात्र तो मुळींच उतरत नाहीं.

प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां अंकासह संपूर्ण उतारा विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तेव्हां चौघींकडून तीन-तीन महिन्यांच्या अंतरानें एकेक मागवावा, म्हणजे वर्षभर फुकट देखरेख होते. उतारा हातीं आल्यावर आपलें नांव व पॅन क्रमांक बरोबर आहे काय, आपण न घेतलेलें कर्ज त्यांत आहे काय, आणि फेडलेलें कर्ज अद्याप येणें दाखविलें आहे काय, एवढें पाहावें. २०१७ व २०१९ च्या कर्जमाफीचा लाभ झालेल्यांनीं तें खातें बंद दाखविलें आहे कीं नाहीं, हें अवश्य तपासावें.

चूक आढळल्यास बँकेकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करून पोंच घ्यावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढें दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. तेथेंहि दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जातां येतें. पैसे घेऊन अंक वाढवून देतों म्हणणाऱ्यांच्या नादीं लागूं नये. खोटी नोंद विनामूल्य दुरुस्त होते, आणि खरी नोंद कोणासहि पुसतां येत नाहीं. ती नियमित भरण्यानेंच हळूहळू मागें पडते.

सातबाऱ्यावरील चूक वेळीं न सुधारल्यास काय भोगावें लागतें, हें आपण जाणतोंच. तीच दक्षता या दुसऱ्या उताऱ्याविषयीं बाळगावी, आणि ती कर्जाची गरज पडण्यापूर्वीं बाळगावी, एवढीच आमची सूचना आहे.